सुई न टोचता शुगर सांगणारे घड्याळ : पालकांनो, जरा थांबा



पावले मोजणारे, नाडी मोजणारे आणि वर "सुई न टोचता शुगर" असे लिहिलेले घड्याळ हल्ली ऑनलाइन स्वस्तात मिळते. आमच्या जवाहरनगरात फॅक्टरीच्या वसाहतीत सकाळी फिरणाऱ्या काका-काकूंच्या मनगटावर स्मार्ट घड्याळे असतातच. पण आता टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचे पालकही विचारतात, "मॅडम, हे लावून पाठवलं तर चालेल ना? पोराची बोटं तरी वाचतील." लेकराच्या बोटातून रोज चार-पाच वेळा रक्त काढायचे म्हणजे आईचा जीव तुटतो. तरीही माझे उत्तर नाही असेच आहे.

कोरोनात आपण बोटाला ऑक्सिमीटर लावत होतो, मग शुगर का नाही मोजता येणार? प्रश्न रास्त आहे. १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन साधारण १४ ग्रॅम, म्हणजे १४,००० मिलिग्रॅम असते. ग्लुकोज असते १०० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे १४० पट कमी! शिवाय ऑक्सिजन कमी-जास्त झाला की हिमोग्लोबिनचा रंग बदलतो, ते प्रकाशाने ओळखता येते. ग्लुकोजला रंगच नाही. एका ग्लासात साधे पाणी, दुसऱ्यात साखरेचे पाणी ठेवा आणि मुलांना नुसते बघून ओळखायला सांगा (पाचवीच्या वर्गात जरूर करा, मजा येते). अवरक्त किरण ग्लुकोज थोडेफार शोषते, पण शरीरातले पाणी ते कितीतरी जास्त शोषते. त्यात घाम, त्वचेचे तापमान, घड्याळाचा सैल पट्टा. संशोधन जगभर चालू आहे, पण बाजारातले घड्याळ म्हणजे ते संशोधन नव्हे. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितले की, त्वचेला न टोचता स्वतःच शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही.

दंडावर चिकटवायचा सेन्सर वेगळा, त्याची गल्लत करू नका. त्याचा केसासारखा तंतू त्वचेखाली जातो. घड्याळावर त्याचाच आकडा दिसत असेल तर हरकत नाही. तो महाग आहे, एवढेच.

"आमच्या घरी लावून बघितलं, बरोबर दाखवतं," असेही काही जण सांगतात. लावले कोणी? ज्याला मधुमेह नाही त्याने. त्याची उपाशीपोटी शुगर ७० ते १०० मध्येच असणार. घड्याळाने अंदाजाने ९५ ठोकले तरी ते पास! खरी परीक्षा शुगर ५५ किंवा ३०० असताना होते. ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या खाली असताना ९५ टक्के मोजण्या १५ मिलिग्रॅमच्या फरकात बसाव्या लागतात.

आता आपल्या मैदानावर या. खेळाच्या तासाला मूल घामाघूम, हात थरथरताहेत, खरी शुगर ५५. घड्याळ म्हणते ११०. आपण काय म्हणू? "उन्हाने झालं असेल, सावलीत बस." घड्याळ नसते तर निदान बोट तरी तपासले असते. उलट घरी घड्याळाने २८० दाखवले, खरी १२० असताना इन्सुलिन वाढवले, तर रात्री झोपेत काय होईल?

आणि शिक्षकांनो, पोराला हे घड्याळ का हवेसे वाटते, हेही बघा. वर्गात बोट टोचले की बाकीची पोरे टकामका बघतात, कोणी हसते. तपासायला वर्गातच मोकळीक द्या, भूक लागली तर तासात डबा उघडू द्या. सीबीएसईने २०१७ मध्ये बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा या मुलांना खाऊ नेऊ दिला, आपली तर घटक चाचणी! टेबलाच्या खणात ग्लुकोज पावडर ठेवा. शुगर ७० च्या खाली आणि मूल शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा बोट तपासा.

घड्याळाच्या पैशात पट्ट्या घ्या. तोही खर्च झेपत नसेल तर नागपूरच्या ड्रीम ट्रस्टकडे चौकशी करा. डॉ. शरद पेंडसे यांनी सुरू केलेली ही संस्था गरीब घरांतल्या टाइप १ मुलांना इन्सुलिनसाठी मदत करत आली आहे, आणि नागपूर काही आपल्याला लांब नाही.