इन्व्हॉइसवर नाव कोणाचं?

मोबाइल आणि इंटरनेट हातात आल्यामुळे आता छोटा कारागीरही थेट जगाला माल विकू शकतो, असं सरकारी मेळाव्यांत आणि स्टार्टअपवाल्यांच्या भाषणांत सतत ऐकायला मिळतं. कोलकात्यातल्या चामड्याच्या धंद्याचा अभ्यास करताना या दाव्याचा खोटेपणा पदोपदी दिसतो.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने टँग्रा, तिलजला, तोपसिया भागातल्या टॅनऱ्या शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला. कातडी कमावण्याचं काम बानतलाच्या संकुलात गेलं. पर्स, पाकिटं शिवणाऱ्या छोट्या खोल्या मात्र जुन्या गल्ल्यांतच राहिल्या. कमावणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या बिहारमधून आलेले चर्मकार, शिवणाऱ्यांत मोठ्या संख्येने मुसलमान कारागीर. माल युरोप-अमेरिकेत जातो आणि मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. नमुन्याचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो, पण तो पाठवणारा ठेकेदार असतो. परदेशी ग्राहकाचा ई-मेल निर्यातदाराच्या ऑफिसातच थांबतो. भाव तिथेच ठरतो आणि इन्व्हॉइसवर नावही त्याचंच लागतं.

कायद्याने कुणाची वाट अडवलेली नाही. निर्यातीसाठी लागणारा आयईसी क्रमांक ऑनलाइन, ५०० रुपयांत मिळतो. डाकघर निर्यात केंद्रातून पार्सल परदेशी पाठवता येतं. अडतं ते इंग्रजी पत्रव्यवहारात, जीएसटीच्या कागदांत आणि सगळ्यात जास्त भांडवलात. परदेशातून पैसे यायला दोन-तीन महिने लागू शकतात, कारागिराला ते आठवड्याच्या शेवटी हवे असतात. तोवर कळ काढायला लागणारी पत, उधारी आणि ओळखी जातीच्या नात्यांतून मिळतात. जात ही केवळ कामाची नव्हे, काम करणाऱ्यांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं होतं. ऑनलाइन बाजारातही हात एका जातीचे आणि हिशेबाची वही दुसऱ्या जातीची, हेच चालू आहे.

आपल्याकडची कोल्हापुरी चप्पल पाहा. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. समाजमाध्यमांवर ओरड झाली म्हणून कंपनीने मूळ मान्य केलं. तंत्रज्ञानाचा उपयोग झाला तो इथे, जाब विचारायला. पण मानांकन दोन महामंडळांच्या नावावर आहे. चप्पल बांधणाऱ्याच्या हातात किती पडतं, हा प्रश्न तसाच आहे.

इथे आपला संबंध येतो. घरातले पहिले पदवीधर म्हणून शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातीचे दाखले, पडताळणीची प्रकरणं आपणच भरली. वस्तीतल्या चार घरांचीही भरली. निर्यातीचे कागद त्याहून अवघड नाहीत. इंग्रजी येणारा आपलाच माणूस नवा दलाल होण्याचा धोका मात्र खरा आहे. म्हणून आयईसी कारागिरांच्या सहकारी संस्थेच्या नावावर हवा, ग्राहकाचे मेल आणि बिलं सगळ्यांना वाचता येतील अशी हवीत, आणि कागद करणाऱ्याची मजुरी आधीच ठरलेली हवी.

भांडवलाचा भार मात्र आपल्या खांद्यावर घेण्याचं कारण नाही. ऑर्डर हातात असलेल्या अशा संस्थेला तारण न मागता खेळतं भांडवल देणं हे बँकांचं आणि सरकारचं काम आहे. ते मागितलंच पाहिजे. त्याशिवाय ‘डिजिटल निर्यात’ म्हणजे ठेकेदाराचा निरोप लवकर पोचवण्याची सोय, एवढंच.