अदबीनं बुडवलेले कागद

दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातलं पंतप्रधान संग्रहालय आणि ग्रंथालय अलीकडे अधूनमधून बातमीत येतं. कारण एकच. २००८ मध्ये तिथून सोनिया गांधींकडे गेलेले नेहरूंच्या कागदपत्रांचे ५१ खोके. ते परत द्या, का द्यायचे, मालकी कोणाची, यावर भरपूर आरडाओरड झाली. भांडण नसतं तेव्हा मात्र राजकीय कागदांच्या अभिलेखागाराबद्दल एक ओळ दिसत नाही. कोणाची पत्रं वाचायला खुली झाली, प्रदर्शन कुठे लागलं, ही तिथली रोजची बातमी आमच्या मुर्रीपर्यंत काही पोचत नाही.

खरं तर त्यात आपल्या विदर्भाचं बरंच आहे. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे आणि यवतमाळचे बापूजी अणे यांचे कागद याच तीन मूर्तीत आहेत. मुंजे १९३१ मध्ये इटलीत मुसोलिनीला भेटले, ते अभ्यासकांनी त्यांच्याच रोजनिशीतून वाचलं. विरोधकानं केलेला आरोप वेगळा आणि माणसानं स्वतःच्या हातानं केलेली नोंद वेगळी. हे कागद कोणीतरी जपले, म्हणून आज त्यांच्यावर वाद तरी घालता येतो.

आता आपलं बघा. विदर्भातल्या साध्या मुसलमानांच्या राजकारणाचे कागद कुठे आहेत? माझं उत्तर ऐकून वाईट वाटेल. बरेचसे नदीत आहेत.

इतर वाचकांसाठी सांगतो. कुराणाची जीर्ण पानं आपल्याकडे रद्दीत देत नाहीत. ती वाहत्या पाण्यात सोडतात किंवा स्वच्छ जागी पुरतात. याला 'ठंडे करना' म्हणतात. रीत चांगलीच आहे. पण उर्दू वाचता न येणाऱ्या घरात उर्दू अक्षर दिसलं की तो कागद पवित्रच वाटतो. त्यातून निवडणुकीच्या पत्रकावरसुद्धा वर ७८६ छापलेलं असतं. मग प्रचारपत्रक, बिडी कामगारांच्या सभेची नोटीस, मोहल्ला कमिटीचा हिशेब, सगळं एकाच पिशवीत बांधून पाण्यात जातं. मराठी पत्रकं निदान किराण्याच्या पुड्या बांधायच्या कामी येतात, तेवढे दिवस तरी टिकतात!

१९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता, आपला वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. बाबासाहेबांनी आपल्या भागात मतं मागितली होती हे वर्गात सांगितलं की पोरं चकित होतात. लगेच विचारतात, "सर, मग आपल्या लोकांनी कोणाला मत दिलं?" मतांचे आकडे सरकारी दप्तरात मिळतात. पण त्या उन्हाळ्यात मोहल्ल्याच्या चौकात कोणतं पत्रक वाचलं गेलं, ते आकड्यांत कसं सापडणार?

"आपले कागद सरकारच्या हाती का द्यायचे? उद्या आपल्यावरच उलटतील," असं काही बुजुर्ग म्हणतात. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. घराघरात जुने कागद शोधायची वेळ आपल्यावर कशामुळे येते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण मौलाना आझादांनी काय केलं ते आठवा. आत्मचरित्रातली सुमारे ३० पानं त्यांनी मोहोरबंद करून ठेवायला लावली, एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि एक दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. मौलाना १९५८ मध्ये गेले, पानं १९८८ मध्ये उघडली. म्हणजे कागद अट घालूनही देता येतो. नाहीतर मोबाईलवर फोटो द्या आणि अस्सल कागद घरीच ठेवा.

अभिलेखागारांकडूनही माझी अपेक्षा आहे. पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय नागपुरात आहे. तिथून उर्दू वाचणारा एक माणूस वर्षातून एखाद्या जुम्याला गोंदियाला यावा. नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर बसून त्यानं लोकांचे कागद पाहावेत, यादी उर्दूत आणि मराठीत करावी आणि त्याची बातमी स्थानिक पेपरला द्यावी. याला खोल्या बांधायला लागत नाहीत.

तोवर पेश इमाम साहेबांना एवढीच विनंती की पिशवी नदीवर नेण्याआधी एकदा शाळेत पाठवा. कुराणाची पानं अदबीनं बाजूला काढून परत देऊ, बाकीचं आम्ही वाचून बघतो.