मोटारीचा जामीनदार

शिलाई यंत्राची मोटार जळाली की नवी आणून जुन्याच पायाच्या रेग्युलेटरला जोडली जाते. पिन बसली म्हणजे जोडी जमली, असे मात्र नव्हे. दोहोंवरील पट्ट्या वाचाव्यात. दोन्ही आपल्या २३० व्होल्टच्या विजेसाठीच असाव्यात. जामीनदाराची ऐपत कर्जाहून कमी नसावी, तसा रेग्युलेटरवरील अँपिअरचा आकडा मोटारीच्या आकड्याहून कमी नसावा. अन्यथा तो पायाखाली तापतो, आणि भोवती कापड पसरलेले असते. जुन्या, रोधाने वेग घटविणाऱ्या रेग्युलेटरला फार लहान मोटारही चालत नाही. ती वीज कमी घेते, रोध अपुरा पडतो आणि सुई सावकाश चालतच नाही. म्हणून दुकानी जाताना मोटारीसोबत रेग्युलेटरही न्यावा.