एका कोळशाचे दोन रस्ते



वणी, राजुरा, भद्रावती या तालुक्यांत कोळशाच्या उघड्या खाणी आणि पऱ्हाटीची वावरे शेजारी शेजारी आहेत. खाणीतला कोळसा दोन रस्त्यांवरून जातो. एक खाणीच्या आतला, दुसरा आपल्या गावातला.

आतला रस्ता कसा बांधतात ते पाहा. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर ६० ते १०० टनी डंपर चालणार नाहीत, म्हणून ती आधी खरवडून काढतात. मग दगड-मुरमाचे थर टाकून रोलर फिरवतात. मध्ये उंचवटा, कडेला नाली. पाणी थांबत नाही. चढ १६ फुटांना १ फूट, दुतर्फा रस्त्याची रुंदी सर्वांत मोठ्या गाडीच्या तिप्पट, असा खाण-सुरक्षेचा नियमच आहे. ग्रेडर खड्डे सारखे करतो, टँकर पाणी मारतो. एवढी माया कोणावर? डंपरच्या टायरवर! एकेक टायर लाखांच्या घरात जातो. खड्डे पडले की डिझेल जास्त जळते, फेऱ्या घटतात. खाणवाल्याला हिशेब कळतो.

फाटकाबाहेर हीच विद्या संपते. बैलगाडीसाठी आणि एस.टी.साठी केलेल्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक सुटतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ठोकताळा असा : आसावरचे वजन दुप्पट झाले, तर रस्त्याची झीज सुमारे १६ पट. रस्ता फुटतो, धूळ उडते, फुटलेल्या बोंडावर बसते. ज्वारीच्या कडब्यालाही काजळी लागते. काळवंडलेला कापूस बाजारात नेला की व्यापारी भाव पाडतो. हा तोटा खाणीच्या वहीत कुठेच लिहिला जात नाही. तोटा ज्याच्या खाती, काळजी त्यालाच!

२०१५ च्या कायदा दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या खाणपट्ट्यांकडून रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांकडून १० टक्के रक्कम त्यात जमा होते. तो पैसा बाधित गावांच्या पाण्याचा, दवाखान्याचा, शाळेचा आहे. त्यातून कोळशाचे रस्ते दुरुस्त करणे म्हणजे आपल्याच पैशाने आपल्या वावरात धूळ विकत घेणे. वाहतूक हा कोळशाच्या उत्पादनखर्चाचा भाग आहे. तो कोळसा विकणाऱ्याने भरावा.

मागणी सरळ आहे : कोळशाला गावाबाहेरून वेगळा रस्ता, तोवर ट्रकवर ताडपत्री, फाटकावर वजनाची सक्त तपासणी आणि आतल्यासारखेच बाहेरही रोज पाणी. मेळाव्याला येताना कापसाच्या पट्ट्या सोबत आणा. रस्त्याकडेच्या आणि आतल्या वावरातल्या कापसाला काय भाव मिळाला, ते शेजारी शेजारी मांडू. हिशेब आपल्यालाही येतो.