खवैगुण्य म्हणजे प्राक्तन नव्हे

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावीही रुग्ण आता अँजिओग्राफीचा अहवाल घेऊन वैद्याकडे येतो. त्यात ‘लेफ्ट डॉमिनंट’ किंवा ‘मायोकार्डियल ब्रिज’ हे शब्द दिसले की, ‘नसच जन्मतः अशी, मग पथ्याचा काय उपयोग?’ असे घरची मंडळी म्हणू लागतात. हा समज दूर करणे आपले कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.

कोरोनरी धमन्यांची रचना सर्वांत सारखी नसते. हृदयाच्या मागील-खालील भागास रक्त पुरविणारी शाखा १० पैकी सुमारे ८ जणांत उजव्या धमनीतून निघते. ती डावीकडून निघत असल्यास डाव्या मुख्य धमनीतील अवरोधाने अधिक हानी होते. काहींत धमनीचा थोडा भाग हृदयस्नायूखालून जातो. तो बहुधा स्वच्छ राहतो, लेप साचतो तो त्याच्या अलीकडे. धमनीला फाटे फुटतात तेथेही लेप लवकर बसतो. सारांश, रचना मुख्यत्वे लेपाची जागा व हानीची व्याप्ती ठरविते.

सुश्रुतोक्त खवैगुण्याचा सिद्धान्त येथे मार्गदर्शक ठरावा. संचार करणारे प्रकुपित दोष स्रोतसाचे वैगुण्य असेल तेथे अडतात; परंतु दोषप्रकोपावाचून केवळ वैगुण्याने व्याधी होत नाही. चरकाचार्यांनी धमनीप्रतिचय कफज विकारांत गणला, हेही सूचक आहे. ५२ देशांतील व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात पहिल्या हृदयाघाताचा बहुतांश धोका धूम्रपान, मेद, रक्तदाब, मधुमेह आदी ९ घटकांशी निगडित आढळला. हे घटक बदलता येतात.

अपवाद आहेच. धमनीचा उगमच भलत्या ठिकाणी असून ती महाधमनी व फुप्फुसधमनी यांच्यामधून जात असल्यास तारुण्यातही आकस्मिक मृत्यू संभवतो. असा रुग्ण हृदयरोगतज्ज्ञाकडेच पाठवावा.

इतरांच्या बाबतीत खर्रा सोडविणे, रक्तदाब व साखर मोजणे, आहार-विहार सुधारणे हे आपल्या हाती आहे. अर्जुनाने जन्मजात रचना बदलत नाही. तो देताना तज्ज्ञांनी सुरू केलेली अॅस्पिरिन वा स्टॅटिन परस्पर बंद करू नयेत. औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती की, छातीत जळजळ व अंगाला दरदरून घाम अशा स्थितीत अविपत्तिकर चूर्ण मागणाऱ्यास पुडी देऊन घरी धाडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.