धडक बसली की ‘पार्टनर’ एकटाच!

आईला सोसायटीच्या गेटबाहेर एका डिलिव्हरीवाल्या पोराच्या स्कूटरची धडक बसली, त्याला चार महिने झाले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून घरातल्या घरात फिरते. सहानुभूतीसाठी लिहीत नाहीये. या चार महिन्यांत कायदा नेमका कुठे हात वर करतो ते कळलं, ते तुम्हालाही माहीत असावं म्हणून लिहितोय.

आधी त्या पोराबद्दल. तो पळाला नाही. रिक्षा त्यानेच थांबवली, आम्ही पोचेपर्यंत हॉस्पिटलात बसून राहिला. जेमतेम विशीचा, अंगात कंपनीचा टी-शर्ट, आणि फोन सारखा वाजतोय, कारण ऑर्डर लेट होतेय. माझा राग त्याच्यावर नाही. तो फोन वाजवणाऱ्यांवर आहे.

कंपनीला कळवलं. उत्तर आलं की सदर व्यक्ती आमची कर्मचारी नाही, स्वतंत्र ‘डिलिव्हरी पार्टनर’ आहे. वा रे भागीदारी! ऑर्डर कुठली, किती मिनिटांत, किती पैशांत, सगळं ॲप ठरवणार. आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा आयडी बंद केला. म्हणजे तो कर्मचारी नाही, पण त्याला कामावरून काढता मात्र येतं! नोकराने काम करताना केलेल्या चुकीची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्या कोर्टांत जुनं आहे. म्हणूनच ‘नोकर’ हा शब्द इतक्या काळजीने पुसलाय.

बरं, मग विमा? मोटार वाहन कायदा, १९८८ तसा दुबळा नाही. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागू शकतो, तीही स्वतः राहतो तिथल्या. चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळू शकतात. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला दोन लाखांची तरतूद आहे.

पण आईला धडकली ती बिननंबरची बॅटरीवरची स्कूटर. पाव किलोवॅटपेक्षा कमी ताकदीची, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी हलकी स्कूटर नियमांनुसार ‘मोटार वाहन’च नाही. नोंदणी नको, लायसन्स नको, विमा नको. मग वरचे सगळे दरवाजे बंद. उरतो दिवाणी दावा, त्याला रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी, आणि जिंकलो तरी वसूल कोणाकडून करणार? खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या त्या पोराकडून? ग्राहक आयोगात जावं, तर आई ग्राहकच नाही. तिने काही मागवलंच नव्हतं, ती भाजी घेऊन येत होती.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘ॲग्रिगेटर’ आला. पण व्याख्या काय, तर प्रवाशाला चालकाशी जोडणारा. टॅक्सीचं ॲप आत, बिर्याणीचं ॲप बाहेर. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात डिलिव्हरी कंपन्या आहेत, उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यायची आहे. चांगलंच आहे, द्यायलाच हवी. पण धडक खाणारा माणूस तिथेही कुठे नाही.

कोणी म्हणेल, विमा सक्तीचा केला तर डिलिव्हरी महागेल. महागू दे की! साधा रिक्षावाला विमा काढून रस्त्यावर येतो. आज तो खर्च वाचतोय असं नाही, तो माझ्या आईच्या हाडांतून वसूल होतोय.

म्हणून मागणी सरळ आहे. वस्तू पोचवणाऱ्या ॲपनाही ‘ॲग्रिगेटर’ म्हणा. डिलिव्हरीच्या धंद्यात वापरलेल्या प्रत्येक गाडीचा, मग ती २५ च्या आतली का असेना, थर्ड पार्टी विमा कंपनीने काढावा.

तोवर अशी वेळ आलीच तर एवढं करा. गाडीचा, नंबरप्लेटचा, पिशवीचा फोटो काढा. ऑर्डर नंबर, पोराचं नाव आणि गाडीचा मालक कोण ते लिहून घ्या. हॉस्पिटलात ‘पडले’ नका सांगू, ‘गाडीने धडक दिली’ अशीच नोंद करून घ्या. पोलिसांत त्याच दिवशी तक्रार द्या. न्यायाधिकरणात दाव्याला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातलीय, तेव्हा ‘आधी बरं तर होऊ दे’ म्हणत बसू नका. आणि बिननंबरची स्कूटर असेल तर तिची तपासणी लेखी मागा. यातल्या बऱ्याच स्कूटरचा वेग वाढवून घेतलेला असतो. २५ च्या वर पळाली तर तिला सूट उरत नाही, आणि ती भाड्याने देणाऱ्या मालकालाही जाब विचारता येतो. आम्ही तोच अर्ज दिलाय. दोन महिने हातात आहेत.

आई मात्र रोज एकच विचारते, “त्या पोराला दुसरं काम मिळालं का रे?” तिला पडतो तो प्रश्न कंपनीला पडत नाही.

पटलं तर पुढे पाठवा. तुमच्या आमदार-खासदारांना टॅग करा.