विश्लेषण : चार अक्षरांत माणूस मावतो का? एमबीटीआयची लाट आणि व्यक्तिमत्त्वाचं शास्त्र

इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये, डेटिंग अॅपच्या प्रोफाइलवर नावाशेजारी हल्ली चार अक्षरं दिसतात. कोणी 'आयएनएफजे' असतं, कोणी 'ईएनटीपी'. ही अक्षरं येतात एमबीटीआय नावाच्या व्यक्तिमत्त्व चाचणीतून. दक्षिण कोरियात तर नव्या ओळखीत 'तुझा एमबीटीआय काय?' हा प्रश्न सर्रास विचारला जातो. तिथल्या काही नोकरीच्या जाहिरातींमध्ये 'अमुक प्रकारच्या व्यक्तींनी अर्ज करू नये' असंही लिहिलं गेलं आणि त्यावर बरीच टीका झाली. के-पॉप आणि रील्समधून हीच लाट आपल्याकडच्या तरुणांपर्यंत पोहोचली आहे.

गंमत म्हणून चाचणी देण्यात काही वावगं नाही. पण त्या चार अक्षरांवरून नोकरी, नातं किंवा करिअर ठरू लागलं, तर त्यामागचं शास्त्र किती पक्कं आहे हे तपासावं लागतं.

एमबीटीआय नेमकी आली कुठून?

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसांच्या मानसिक प्रकारांवर पुस्तक लिहिलं. अंतर्मुख आणि बहिर्मुख या कल्पना त्यातूनच लोकप्रिय झाल्या. युंग यांच्या मांडणीवरून अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही प्रश्नावली तयार केली. दोघींनीही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नव्हतं. युद्धामुळे अनेक महिला पहिल्यांदाच नोकरी करू लागल्या होत्या. त्यांना आपल्या स्वभावाला साजेसं काम शोधता यावं, हा त्यामागचा हेतू होता.

या चाचणीत चार जोड्या आहेत. माणूस बहिर्मुख की अंतर्मुख, प्रत्यक्ष तपशिलांवर विसंबणारा की अंतःप्रेरणेवर, तर्काने निर्णय घेणारा की भावनेने, आखीव पद्धतीने जगणारा की ऐनवेळी ठरवणारा. प्रत्येक जोडीतून एक अक्षर मिळतं आणि एकूण १६ प्रकार तयार होतात.

मग अडचण कुठे आहे?

अडचण 'हा किंवा तो' अशा विभागणीत आहे. समजा, १६५ सेंटिमीटरची रेघ आखून लोकांचे 'उंच' आणि 'बुटके' असे दोनच गट केले. १६४ आणि १६६ सेंटिमीटर उंचीची माणसं वेगवेगळ्या गटांत जातील. १६६ आणि १९० सेंटिमीटरची माणसं मात्र एकाच गटात येतील. उंचीसारखेच स्वभावाचे गुणही सलग पट्टीवर पसरलेले असतात आणि बहुतेक माणसं त्या पट्टीच्या मध्याजवळ असतात.

म्हणूनच काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की अनेकांचं एखादं अक्षर बदलतं. बीटीएसच्या काही सदस्यांची अक्षरंही काही वर्षांनी पुन्हा चाचणी दिल्यावर बदलली होती. माणूस फारसा बदललेला नसतो, तो फक्त रेघेच्या अलीकडून पलीकडे गेलेला असतो.

तरीही 'हे तर अगदी माझंच वर्णन' असं का वाटतं?

याचं उत्तर ७५ वर्षांहून जुन्या एका प्रयोगात आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं. ते किती अचूक आहे यासाठी विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर मिळाला होता आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली होती.

'तुम्ही वरून शांत दिसता, पण आतून अनेकदा काळजी करता' हे वाक्य कोणाला लागू पडणार नाही? अशी गुळगुळीत, थोडी सुखावणारी विधानं आपल्याला खास आपलीच वाटतात. मानसशास्त्रात याला 'बार्नम परिणाम' म्हणतात. वर्तमानपत्रातलं राशीभविष्य पटतं तेही याच कारणाने.

मग मानसशास्त्रज्ञ काय वापरतात?

आज संशोधनात सर्वाधिक वापरली जाते ती 'बिग फाइव्ह' म्हणजे पाच गुणांची मांडणी. तिची सुरुवात चक्क शब्दकोशातून झाली. माणसांमधले महत्त्वाचे फरक भाषेत उतरलेले असणारच, या विचाराने गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द वेचून काढले. पुढच्या काही दशकांत अनेक संशोधकांनी कोणते शब्द एकत्र येतात हे संख्याशास्त्राने तपासलं. त्यातून वारंवार पाच गट पुढे आले:

- नव्या अनुभवांबद्दलचा खुलेपणा : कुतूहल, कल्पकता, नव्या विचारांची ओढ.
- काटेकोरपणा : शिस्त, नेटकेपणा, हाती घेतलेलं काम तडीस नेणं.
- बहिर्मुखता : माणसांत रमणं, बोलकेपणा, उत्साह.
- जुळवून घेण्याची वृत्ती : सहकार्य, विश्वास, दुसऱ्याची कदर.
- भावनिक अस्थिरता : चिंता, चिडचिड, ताण लवकर जाणवणं.

इथे कोणताही 'प्रकार' नसतो. प्रत्येक गुणात प्रत्येक माणूस कमी-अधिक असतो. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही आपली म्हण या मांडणीच्या जास्त जवळ जाते.

अर्थात, ही मांडणीही सर्वत्र सारखी लागू पडत नाही. बोलिव्हियातल्या त्सिमाने या आदिवासी समाजात केलेल्या अभ्यासात हे पाच गट स्पष्टपणे दिसले नाहीत. व्यक्तिमत्त्वावरचं बरंचसं संशोधन पाश्चात्त्य, शिकलेल्या लोकांवर झालं आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

स्वभाव ठरवतो की परिस्थिती?

ऑफिसच्या मीटिंगमध्ये तोंड न उघडणारा तरुण गणेश मंडळात मात्र सगळ्यांना कामाला लावतो. मग तो अंतर्मुख की बहिर्मुख? १९६८ साली वॉल्टर मिशेल यांनी हाच मुद्दा मांडून खळबळ उडवली. चाचणीतल्या गुणांवरून एखाद्या प्रसंगी माणूस कसा वागेल याचा अंदाज फारसा बांधता येत नाही, असं त्यांनी दाखवलं. अनेक वर्षं वाद चालला आणि आज बहुतेक संशोधक मधली भूमिका घेतात. एखाद्या प्रसंगातल्या वागण्यावर परिस्थितीचा मोठा प्रभाव असतो. पण अनेक दिवसांच्या, अनेक प्रसंगांच्या वागण्याची सरासरी काढली, तर स्वभावाचा ठसा स्पष्ट दिसतो.

स्वभावाला खरंच औषध नाही?

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार, माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांमागे साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. म्हणजे उरलेला मोठा भाग अनुभव आणि परिस्थितीतून घडतो.

स्वभाव कालांतराने बदलतोही. त्याच माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या ९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. वय वाढतं तसा, विशेषतः विशी ते चाळिशीच्या दरम्यान, सरासरी काटेकोरपणा आणि भावनिक स्थैर्य वाढतं, असं त्यात आढळलं. २०१७ सालच्या दुसऱ्या आढाव्यात मानसोपचारांनंतर भावनिक स्थैर्यात चांगली सुधारणा दिसली. त्यामुळे 'मी असाच आहे, माझा टाइपच तसा' हे वाक्य सोयीचं असलं तरी ते शास्त्राला धरून नाही.

नोकरीसाठी अशी चाचणी लावावी का?

काटेकोरपणा आणि कामगिरी यांचा संबंध अनेक क्षेत्रांत आढळला आहे. १९९१ सालचा मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांचा आढावा त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण हा संबंध माफक आहे. एवढ्यावरून एकेका उमेदवाराचं भवितव्य ठरवता येत नाही. शिवाय नोकरी पणाला लागलेली असताना उमेदवार 'बरोबर' वाटणारी उत्तरं देतो.

एमबीटीआयबाबत तर ती चाचणी प्रकाशित करणारी कंपनीच सांगते की उमेदवार निवडण्या-नाकारण्यासाठी तिचा वापर करू नये. अमेरिकेत २००५ साली एका अपील न्यायालयाने, मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरली जाणारी एक चाचणी बढतीसाठी लावणं अपंगत्वविषयक कायद्याविरुद्ध असल्याचा निकाल दिला. कामासाठी माणूस निवडणं आणि त्याच्या मनात डोकावणं यांत फरक आहे, हे या निकालातून अधोरेखित झालं.

मोफत क्विझची खरी किंमत काय?

२०१८ साली उघड झालेलं केंब्रिज अॅनालिटिका प्रकरण अशाच एका व्यक्तिमत्त्व क्विझमधून सुरू झालं. साधारण तीन लाख लोकांनी ते अॅप वापरलं. पण त्यांच्या मित्रयादीमुळे ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांचा डेटा बाहेर गेला असावा, असं फेसबुकने सांगितलं. भारतात अॅप घेतलं होतं फक्त ३३५ जणांनी, मात्र झळ बसण्याची शक्यता होती साडेपाच लाखांहून अधिक लोकांना. त्या डेटाने मतदारांवर किती परिणाम झाला याबद्दल वाद आहे. गोपनीयतेचा भंग झाला याबद्दल मात्र नाही. २०१९ साली अमेरिकेच्या नियामकांनी फेसबुकला ५ अब्ज डॉलर्सचा दंड ठोठावला.

स्वभावाचा अंदाज बांधायला प्रश्नावलीच लागते असंही नाही. २०१५ सालच्या एका अभ्यासात फेसबुकवरच्या सुमारे ३०० लाइक्सवरून संगणकाने केलेला अंदाज जोडीदाराने केलेल्या अंदाजाच्या तोडीचा ठरला.

चाचणी देण्याआधी काय पाहावं?

निकाल 'प्रकार' सांगतो की पट्टीवरची जागा? पुन्हा दिल्यावर तोच निकाल येतो का? वर्णनात फक्त गोड गोष्टी आहेत का? आणि क्विझ ईमेल, संपर्कयादी किंवा सोशल मीडियाचं लॉग-इन मागते का? मागत असेल, तर ते कशासाठी हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. भारताच्या २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती विशिष्ट हेतूसाठी असावी आणि ती मागे घेता यावी, असं म्हटलं आहे.

चार अक्षरांमुळे स्वतःबद्दल बोलायला शब्द मिळत असतील, तर तेवढा उपयोग आहेच. पण एचआरच्या टेबलावर किंवा स्थळ बघताना त्याच अक्षरांवरून कोणाला नकार मिळत असेल, तर तो नकार माणसाला कमी आणि एका आखलेल्या रेघेला जास्त असतो.